याला कान नाही

कासारवाडी,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
प्रज्वलचा सा. न. वि. वि.

काल सकाळी भर बैठकीत तुम्ही म्हणालात की याला कान नाही, आणि करिष्मा हसली. काका, माझं सगळं बदललं ते तिथे. कॉलेज सुटलं तेव्हाही एवढं काही बदललं नव्हतं. तिचं हसू ओठांत मावेना, तिने ओढणी तोंडाला लावली, आणि मी तुमच्या त्या सतरंजीवर बसल्या जागी जळून गेलो.

आपल्या घरात तक्रार लेखी द्यायची, हा तुमचा नियम. तुम्ही रिटायर झाल्यापासून गॅस संपत आलाय हेसुद्धा काकू चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या तारेच्या हुकाला टोचते. कंपनीत तुम्ही क्वालिटीला होतात, तिथे तोंडी काही चालायचं नाही, म्हणून घरातही चालत नाही. तर घ्या ही लेखी तक्रार. एकाच घरात भिंतीच्या अलीकडून पलीकडे पत्र पाठवणारा अख्ख्या पिंपरी-चिंचवडात मी एकटाच असेन.

घडलं काय ते पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर तसं काही झालंच नाही असं व्हायला नको. आदल्या रात्री बंटीच्या साउंडवर चिखलीची हळद वाजवून, पहाटे स्पीकर उतरवून मी घरी आलो. डोळे मिटत होते. तरी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तुमच्या रविवारच्या गाण्याच्या बैठकीला बसलो. कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे. मोबाईल तुमच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. मांडी घातली, तोंड मिटलं. बबनराव त्या दिवशी गाण्यासाठी आले नव्हते, मला बघायला आले होते. लेकीसाठी, करिष्मासाठी, पोरगा कसा आहे ते त्यांना बघायचं होतं, आणि ही भेट तुम्हीच ठरवली होती. रेकॉर्ड बदलताना त्यांनी मला विचारलं की तू काय ऐकतोस. मी खोटं बोललो नाही. हळदीची गाणी, कव्वाली, रॅप, जे वाजवतो ते सगळं ऐकतो म्हणालो, आणि ज्याचा बेस छातीत लागतो ते जास्त आवडतं असंही सांगितलं. त्यावर तुम्ही काय म्हणालात? की देवाने याला दोन कान दिलेत ते गॉगल अडकवायला, बाकी याला कान नाही. चारही म्हातारे हसले. त्यांत बबनरावही. आणि ती हसली. तीच, जी तुमच्या खुर्चीला लागून वेताच्या मोढ्यावर बसते आणि खुर्चीच्या लाकडी हातावर अंगठीच्या बोटाने ताल धरते, जशी काही तुमच्या शाळेत पहिली आलेली.

संध्याकाळी बबनरावांचा निरोप आला की एवढ्यात नको. तुमचा शब्द म्हणजे त्यांना क्वालिटीचा शिक्का. तुम्ही माझ्यावर लाल खडू मारलात, त्यांनी माल बाजूला काढला.

माझी मागणी एकच आहे. येत्या रविवारी सगळ्यांसमोर म्हणा की माझं चुकलं, पोराला कान आहे. तेवढ्याने बबनराव ऐकतील. नाही ऐकले तर पुढचं मी बघतो. पण तेवढं तुम्ही करायचं.

लोभ होता तसा ठेवा असं लिहिणार होतो. होता का, ते आधी कळवा.

पुतण्या आहे म्हणून आपला,
प्रज्वल


कासारवाडी,
मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. प्रज्वल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी तक्रार मिळाली, वाचली, नामंजूर केली. अक्षर बरं आहे. म्हणजे जामखेडच्या शाळेने तिचं काम केलं, वाया गेलं ते पुढचं.

एकदाच सांगतो. सगळ्यात वर ख्याल. त्याखाली ठुमरी, तीही मांडी घालून ऐकायची. नाट्यगीत जेवणानंतर चालतं. भावगीत रिक्षात. सिनेमातलं गाणं केस कापताना कानावर पडतं, त्याला आपला इलाज नाही. तू जे वाजवतोस ते यात कुठेच बसत नाही. ते गाणं नव्हे, तो कंपनीचा आवाज आहे. तो मी पगार घेऊन तीस वर्षं ऐकला. आता फुकट ऐकणार नाही.

कान म्हणजे काय ते तुला माहीत नाही म्हणून लिहितो. प्रेसशॉपमध्ये सगळ्या प्रेस धडाधड चालू असायच्या, शेजारचा माणूस ओरडला तरी कळायचं नाही, आणि मला त्या टोकाच्या डायला, पत्र्याच्या साच्याला, केसाएवढी भेग गेलेली इथून ऐकू यायची. सुपरवायझर हाताला धरून न्यायचा आणि म्हणायचा, सयाजी ऐक. बाकीचे कानात बोळे घालायचे. मी कधी घातले नाहीत. बोळे घातले तर डाय काय बोलते ते कळणार कसं? ह्याला कान म्हणतात. आणि गाणं मला कोणी ताटात वाढून दिलं नाही. गावाहून आलो तेव्हा कॉलनीतल्या एका साहेबाच्या खिडकीखाली उभा राहून ऐकायचो. त्याने माणूस पाठवून हाकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

तू काय केलंस? डिप्लोमा अर्धा टाकलास आणि बंटीच्या टेम्पोवर उभा राहून बटणं फिरवतोस. तुझे वडील विचारतात की पोरगा काय करतो. मी सांगतो, आवाज करतो.

करिष्मा हसली कारण तिला कळतं. विलंबित ख्याल तासभर चालतो आणि तिचं बोट एका मात्रेने चुकत नाही. त्या पोरीच्या घरात तू सकाळी उठून काय लावणार?

तोंडी भांडायला येऊ नकोस. ओरडलास तर मी ऐकून घेणार नाही. जे असेल ते लेखी.

आशीर्वाद वर लिहिलेत, तेवढे पुरेत.

सयाजी


कासारवाडी,
बुधवार, ५ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. (वि. वि. लिहीत नाही. विनंती पहिल्या पत्रात करून झाली.)

तुमचं उत्तर एकदा घरात वाचलं आणि एकदा टेम्पोत स्पीकर चढवताना वाचलं, म्हणजे मध्येच राग उतरायला नको.

साहेबाच्या खिडकीखालून तुम्हाला हाकललं होतं ना? मग कसं वाटतं ते दुसऱ्या कोणाला सांगावं लागू नये. पण तुम्ही खिडकीच्या आत पोचलात आणि पहिलं काम काय केलंत, तर खाली उभ्या असलेल्यावर पाणी ओतलंत.

आता करिष्माचं ऐका. तुम्हाला वाटतं ती तुमच्या गोटातली. मार्गशीर्षात मोशीला तिच्या मामेबहिणीच्या हळदीला साउंड आमचा होता. तुमची ही विलंबितवाली कपाळापासून कोपरापर्यंत पिवळी होऊन नाचत होती. नाचता नाचता माझ्या मिक्सरपाशी आली आणि म्हणाली की झांज फार टोचतेय, ढोलकी मागे पडलीये. मी बटण फिरवलं. ढोलकी पुढे आली. एवढ्या मांडवात ते दुसऱ्या कोणाला कळलं नव्हतं, मलासुद्धा नाही, आणि मी त्याचंच खातो. ती मान डोलावून परत नाचायला गेली. मी तिथेच संपलो राव. तेव्हापासून काकू विचारते आमटीत मीठ कमी आहे का, आणि मला आपण आमटी खातोय हेच ठाऊक नसतं. तिच्या मोबाईलमध्ये तुमचे ख्याल आहेत आणि माझी हळदही आहे. ती दोन्ही ऐकते. तिला कशाची लाज वाटत नाही. लाज तुम्हाला वाटते.

आणि कानाचं म्हणाल तर लेखीच विचारतो. तुमच्या डाव्या स्पीकरमध्ये वरच्या बाजूला वाटीएवढी छोटी जाळी आहे. तिच्यातून सगळा बारीक आवाज येतो, तंबोऱ्याची झणझण, सारंगीची धार, गवयाने घेतलेला श्वास. आम्ही तिला ट्विटर म्हणतो. तो मेला आहे काका. रविवारी तुमचा तंबोरा फक्त उजव्या भिंतीतून येत होता आणि डावीकडचा गवई सर्दी झाल्यासारखा गात होता. तुम्ही पाच माणसं डोळे मिटून माना हलवत होतात, एकाचाही डोळा उघडला नाही. मला दारात चप्पल काढतानाच कळलं. बोललो नाही, कारण तुमच्या बैठकीत बोलायचं नसतं.

केसाएवढी भेग ऐकणाऱ्या माणसाने मला एवढंच कळवावं, की हा ट्विटर कधी गेला.

लोभाचं काय ते तुम्हीच ठरवा.

प्रज्वल


कासारवाडी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. प्रज्वल यास,
आशीर्वाद.

स्पीकर मी तपासला. उत्तम आहे. तू म्हणतोस तो भाग मी मुद्दाम बंद ठेवला आहे. जुन्या रेकॉर्डला डावं-उजवं नसतं. गवई एक असतो. तो दोन्ही भिंतींतून गायला लागला तर त्याला मैफल म्हणत नाहीत, जत्रा म्हणतात. हे कळायला अभ्यास लागतो, तो तू अर्ध्यात सोडतोस.

हळदीत सगळेच नाचतात. माझ्या हळदीत मीही नाचलो असेन. हळद मांडवात. माझ्या खोलीत नाही.

बबनरावांना जे बोललो ते बोललो. शब्द परत घेणार नाही. रविवारी यायचं असेल तर ये. मागे दारापाशी बस, म्हणजे मध्येच उठून जाताना कोणाला त्रास नको.

या विषयावर माझ्याकडून आता कागद नाही.

सयाजी


निघोजे,
सोमवार, १० फेब्रुवारी

ती. काकांस,
नमस्कार.

काल तुम्ही डोळे मिटून बसला होतात, त्यामुळे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला कोणी सांगितलंही नसणार. मी सांगतो. लेखी.

तुम्ही म्हणालात तसा मी मागे दारापाशी बसलो. तुमचा अॅम्प्लिफायर तिथेच कोपऱ्यात आहे. तोडी लागली होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, करिष्मासुद्धा नाही. मग लोणावळ्याकडची गाडी आली, खिडकीच्या काचा रोजच्यासारख्या थरथरायला लागल्या. त्या धडधडीत मी हात मागे नेला आणि स्पीकरच्या वायरी उपसल्या. दोन्ही.

गाडी गेली. काचा थांबल्या. खोलीत काही नाही. रेकॉर्ड फिरतेय, सुई तिच्यावर टेकलेली आहे, आणि वर पंख्याची किरकिर.

बबनरावांनी डोळे उघडले. बाकीच्या तिघांनी उघडले. तुम्ही नाही. तुम्ही मान हलवत होतात. मला आधी वाटलं, कळलंय पण चिडून दाखवत नाहीत. मग मी करिष्माकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिचं बोट खुर्चीच्या हातावर चालू होतं. पांढरी पडली होती, पण बोट थांबवलं नाही. जे गाणं वाजत नव्हतं त्याचा ताल ती धरून होती. तुमचा तळवा त्याच लाकडावर होता. समेला तिने जरा जोरात बोट आपटलं, आणि तुम्ही म्हणालात, वा.

वा म्हणालात काका. पंख्याला.

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. तेही तुम्हाला ऐकू आलं नाही. दुसरं कोणी हसलं नाही. बबनराव तर माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी खोलीत थुंकलोय. मी वायरी पुन्हा खोचल्या, चप्पल पायात सरकवली आणि तडक इथे बंटीच्या गोडाऊनला आलो. आता इथेच राहणार.

म्हणजे गेले कित्येक रविवार तुम्ही तिच्या बोटावर वा म्हणताय. आणि मला सांगता ख्याल वर, ठुमरी खाली! सगळं लेखी का लागतं ते आता कळलं. काकूला गॅसची चिठ्ठी का लिहावी लागते तेही कळलं. ओरडलास तर ऐकून घेणार नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. मला येड्याला वाटलं तो तोरा आहे.

याला कान नाही, हे मी म्हणत नाही. ते वाक्य तुमचं आहे. मी फक्त पाहिलं ते लिहिलं. तुमच्या शब्दावर बबनरावांचा अजून किती विश्वास आहे ते त्यांना विचारून बघा. उत्तर मात्र त्यांना लिहून द्यायला सांगा.

कान असलेला,
प्रज्वल


कासारवाडी,
बुधवार

चि. प्रज्वलला काकूचा आशीर्वाद.

माजा भाऊ निघोज्याला चाललाय, त्याच्या हाती डबा आन् ह्यो कागद धाडते. मेथी हाय, भाकरी हाय, मिरचीचा ठेचा येगळ्या पुडीत बांधलाय. बंटीलाबी दे. डबा झाकनासकट परत धाड, मागचं झाकन अजून आलं न्हाई.

तुजं पत्र ह्यांनी मला वाचून दावलं. व्हय, सोताच वाचलं, येक शबुद गाळला न्हाई. वाचता वाचता आवाज लई चढला. त्यांना कुठं कळतंय किती चढला ते. शेजारच्या ताजुन्निसाभाबी दारात येऊन इचारून गेल्या की काय झालं. मी म्हनलं, काय न्हाई, गावचं पत्र हाय. मंग ह्यांनी कागदाची घडी घातली, रेकॉर्डच्या पेटीवर चादर टाकली आन् खाली जाऊन बाकड्यावर बसले.

आता तुला सांगते, कुनी सांगितलं न्हाई म्हनून. रिटायर झाले तवा कान तपासाया गेलतो. डाक्तर म्हनला, खालचे जाड आवाज थोडं ऐकू येतील, वरचं बारीक समदं गेलं, आन् हाय त्येबी जानार. मी मशीन लावा म्हनलं तर माज्यावरच खेकसले, मशीनीतनं तंबोरा ऐकू का म्हनले. निघताना डाक्तर तिथल्या पोरीला म्हनला की या मानसाला आता कान न्हाई. हळू म्हनला व्हता. ह्यांनी त्याच्या ओठावरनं वळखलं. जे त्यांना म्हनलं गेलं त्येच त्यांनी चारचौघांत तुला सुनावलं. चूक ती चूक. मी त्यांची बाजू घेत न्हाई.

पर बबनरावाला ह्ये ठाव हाय. चौघांस्नीबी ठाव हाय. समदी येकाच प्रेसशापची मानसं, कुनाचा डावा गेलाय, कुनाचा उजवा. त्ये तुजं स्पीकरमधलं काय मेलंय त्ये त्यांस्नी कुठनं कळायचं? रविवारी ती गानं ऐकाया येत न्हाईत रं. ह्यांच्यासाठी येत्यात. आन् करिष्मानं बोट वाजवाया कवा सुरुवात केली त्ये ठाव न्हाई, कुनी सांगितलं न्हाई तिला. आमी कुनी इचारलं न्हाई, तिनं कुनाला बोलून दावलं न्हाई.

तू हसलास त्ये मी ओट्यापाशी ऐकलं. हातातलं पीठ तसंच राहिलं. असलं हसू आपल्या घरात कुनाचं न्हाई, तुज्या बापाचंबी न्हाई.

ये. पाया पड म्हनत न्हाई मी. नुसता येऊन बस.

तुजी काकू,
शालन


कासारवाडी,
शनिवार, १५ फेब्रुवारी

चि. प्रज्वल यास,
आशीर्वाद. हे सवयीने लिहिले आहेत.

तुझी माहिती बरोबर आहे. डावा ट्विटर मेलेला आहे. उजवा मेला असता तरी मला कळलं नसतं. तंबोरा मी शेवटचा केव्हा ऐकला ते आठवत नाही. तो मला आठवतो तसा वाजतो, आणि तिथे चांगला वाजतो. तिथली वायर तुझ्या हाताला लागणार नाही.

काल मोशीला बबनरावांच्या घरी जाऊन आलो. बबनरावांना सांगितलं की पोराला कान नाही असं मी म्हणालो ते खोटं होतं. त्याला कान आहे, उमेदीत माझा होता तसा आहे. उद्या बाकीच्या तिघांना घरी बोलावून तेच सांगेन. तुझी मागणी पुरी झाली. तुझ्याबद्दल त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. गेल्या रविवारी ती माणसं डोळे उघडून बसली होती. करिष्मा आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही. तिच्यासाठी निरोप ठेवला की बोट वाजवायला येऊ नकोस. जोवर मला न सांगता चाललं होतं तोवर ठीक होतं. तू ते कागदावर आणलंस. आता त्या लाकडाला हात लावला की तुझं पत्र आठवतं.

त्या चौघांनाही सांगणार आहे की उद्यानंतर येऊ नका. बैठक बंद होणार नाही. मी बसेन.

माझा राग गेला असं समजू नकोस. माझ्याच खोलीत तू मला उघडा केलास आणि हसलास. आणि एवढं होऊनही तू जे वाजवतोस त्याला मी गाणं म्हणणार नाही, मेलो तरी नाही.

एक राहिलं. त्या स्पीकरांच्या भिंतीसमोर रात्र रात्र उभा असतोस. कानात काही घालतोस का? लेखी कळव.

सयाजी


कासारवाडी,
रविवार, २३ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कपडे न्यायला आलो. किल्ली माझ्याकडे होती. काकू बाजारात गेलेली दिसते. मी दार उघडलं, तुमच्या पाठीमागून आत गेलो, कपाटाचं दार ओढलं, ते नेहमीसारखं किंचाळलं, बॅग भरताना बादली लाथेने पडली. तुम्ही वळला नाहीत. आता ओट्याशी उभा राहून लिहितोय. इथून तुमची पाठ दिसते.

करिष्मा परवा मोशीच्या बस स्टॉपवर भेटली. मी तिला म्हणालो की काकांनी शब्द परत घेतला, आता कसली अडचण आहे. ती म्हणाली की त्या दिवशी ती गॉगलच्या विनोदाला हसली होती, आणि घरी गेल्यावर तिने वडिलांना सांगितलं होतं की कानाचं मी बघून घेईन, मुलगा मला पसंत आहे. वडील आठवडाभर कुरकुरत होते. शनिवारपर्यंत तिने त्यांना जवळजवळ वळवलं होतं. रविवारी मी वायर उपसली.

मी तिला म्हणालो की माझंही ऐक, मला सगळ्यांसमोर काय म्हणाले ते तू पाहिलंस. ती म्हणाली, पाहिलं, आणि त्याबद्दल ती तुमच्याशी भांडणारही होती. पण माणसाला ऐकू येतं की नाही हे बघायला जो वायर उपसतो आणि वर हसतो, त्याच्या घरात आपण म्हातारं व्हायचं नाही, असं तिने ठरवलंय. मग बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि कानात इअरफोन घातले. काय लावलं होतं ते कळलं नाही. आता मला ते कळायचंच नाही.

तर दोष तुमचा आहे. हो, अजूनही म्हणतो. ते एक वाक्य तुम्ही गिळलं असतंत तर मी आज तिच्या घरी चहा पीत बसलो असतो. माझाही काही असेल. तो मी तुम्हाला लेखी देणार नाही.

कानात काही घालतोस का, असं विचारलंत. नाही घालत. बोळे घातले तर काय पुढे येतंय, काय मागे पडतंय ते कळणार कसं? हळद संपली की एक बारीक शिट्टी राहते. आधी झोपून उठलं की जायची. हल्ली दुपारपर्यंत असते. आत्ताही आहे, तुमच्या तंबोऱ्याच्या थोडी वर.

रेकॉर्ड चालू आहे. मोढा रिकामा आहे, सतरंजी घडी घालून ठेवलेली. आवाज एवढा चढवलाय की बंटीसुद्धा म्हणेल, भावा, कमी कर. डग्ग्याचा घुमारा फरशीतून माझ्या तळव्यांना लागतोय. तेवढंच पोचतं ना तुमच्यापर्यंत? खालचं, जाड, धडधडणारं. यालाच तुम्ही कंपनीचा आवाज म्हणता. मी बेस म्हणतो.

आत्ता तुम्ही वा म्हणालात. चुकलं, काका. दोन मात्रा आधी म्हणालात. सम मागून आली आणि तुमच्या डोक्यावरून निघून गेली, आणि तुम्ही मान हलवत बसलात. खोलीत ते बघायला मी एकटा. नंतरच्या आवर्तनाला मी पेन ठेवून तुमच्या खुर्चीपाशी आलो होतो. हात लाकडापर्यंत गेला होता. सम कुठे आहे ते बोटाला माहीत होतं. वाजवली नाही. तुम्हाला कोणाची दया नको, आणि मला ती तुमच्यावर करायची नाही. परत ओट्याशी आलो, हे लिहिलं.

ट्विटर बदलून मिळतो. बंटीकडे पडलेत. मागायचा असेल तर लेखी मागा.

लोभ थोडाफार उरला असेल तर काकूकडे देऊन ठेवा, ती डब्यातून धाडेल. झाकणं दोन्ही आणली आहेत, ओट्यावर ठेवली.

पत्र दाराजवळच्या तारेच्या हुकाला टोचतो. तुम्हाला हाक मारून उपयोग नाही, म्हणून दार आपटणार आहे. आवाज येणार नाही, पण फरशीतून हादरा येईल, तो तुम्हाला लागतो. तुम्ही मागे वळाल तेव्हा हुकाला कागद हलत असेल. मी जिन्यात असेन.

बॅग खांद्याला लावली. चप्पल पायात आहे. सही करतो आणि आपटतो.

प्रज्वल